वाघोबाचा चौथा खांदा

वाघतळे, जव्हार संस्थान
वैशाख वद्य पंचमी, शके १८३५

सखाभाऊजी यांस,

पत्राच्या आरंभी खुशाली विचारायची असते. ती मागाहून विचारीन, राग उतरला तर.

काल दोन बैलगाड्या सागाचे वासे आणि चुना घेऊन आल्या आणि सगळा माल आपल्या उतारावर ओतून गेल्या. गवंड्याला विचारले, कोणाचे हे? तो म्हणतो, "नाशिकच्या सखारावांचं." तुमचे थोरले भाऊ जन्मभर नुसते कान्हा राहिले आणि नुसते कान्हा म्हणूनच गेले. तुम्ही मोजणीच्या हपिसात साखळी ओढता ओढता राव झालात. आनंद आहे. पण राव झालेल्याने वहिनीला चार ओळी लिहून विचारू नये, असा कुठे कायदा आहे काय? मी भावजय आहे, उतारावरचा धोंडा नव्हे. शिवाय माझे वडील शाळेत शिपाई होते, त्यांनी मला लिहायला वाचायला शिकवले आहे, हे तुम्हांला ठाऊक आहे. पत्र आले असते तर मी वाचले असते.

गवंडी म्हणतो, उताराच्या माथ्यावर पक्के जोते, त्यावर बंगली, पुढे पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या आणि बाजूने तारेचे कुंपण. पाव्हणे येतील, होडीतून फिरतील. ऐकून माझ्या अंगाची लाही लाही झाली.

बंधारा घातला तेव्हा आपल्या पाच घरांची भातखाचरे पाण्याखाली गेली आणि बदल्यात काठावरच्या पाच पट्ट्या मिळाल्या. पट्टी ज्याची त्याची, उतार सगळ्यांचा, असे तेव्हाच ठरले. बाकी सगळीकडे कडा आहे, पाण्यातून डोंगा काठाला लागतो तो या एकाच जागी. पलीकडच्या पाड्याने पावसाळ्यात जव्हारला यायचे ते इथूनच. आपली गौरा त्याच पाड्यात दिली आहे. तिचे दिवस भरत आले आहेत. श्रावणात मला तिच्याकडे जायचे आहे. हे तिच्या काकाला सांगावे लागू नये.

आणि गेल्या माघात दवंडी पिटली ती तुम्ही ऐकली नसेल, मी ऐकली. तळ्याच्या पाण्याच्या खुणेपासून चाळीस हातांच्या आत कोणी इमारत, कुंपण, खाजगी धक्का करू नये. समाईक उतार अडवू नये. काम थांबवा. दुसरे काही मागत नाही.

हिराबाई

---

नाशिक, ता. २ जून १९१३

ती. वहिनींस,

सखाचा नमस्कार. तुमचे पत्र पोचले, पाकिटासकट तापलेले होते.

तुम्ही नियम बरोबर लिहिलात, पण वाचलात चुकीचा. असे पुष्कळांचे होते, त्यात कमीपणा नाही. नियमात शब्द आहे "पाण्याची खूण". खूण म्हणजे काय, ते ठरवायला कचेरीचे कारकून फाल्गुनात वाघतळ्यावर आले होते. त्यांनी पाड्यातल्या जाणत्यांना विचारले, पाणी कुठवर येते? म्हाताऱ्या ढवळूने सगळ्यांदेखत सांगितले, देवाच्या पायापर्यंत. कारकुनांनी वाघोबाची शिळा खूण म्हणून धरली आणि तसा शेरा मारला. शिळेपासून माझे जोते साठ हातांवर पडते. चाळीस हात सोडायचे, मी साठ सोडले. नियमापेक्षा मी वीस हात जास्त धार्मिक आहे म्हणा.

पट्टी माझी आहे. उतार मी अडवीत नाही, कुंपणाला फाटक ठेवणार आहे. पायरीला पाणी लागल्याशिवाय होडी लागत नाही, म्हणून जोते तिथे. जव्हारजवळचा शिरपामाळ पाहायला बाहेरची माणसे येतात आणि उन्हात हिंडून परत जातात. त्यांना बसायला जागा झाली तर पाड्याचेही भले आहे. तुम्हीही चार पाव्हण्यांना नागलीची भाकर करून घालाल. आमच्या हपिसातले वरिष्ठ दिवाळीत सहकुटुंब येतो म्हणाले आहेत, तेव्हा काम थांबवता येणार नाही.

एक सांगतो, राग मानू नका. कायदा मोजून वाचायचा असतो, रडून नव्हे. गौरास आशीर्वाद.

आपला,
सखा

---

वाघतळे
ज्येष्ठ शुद्ध दशमी

भाऊजी,

मी रडत नाही. रडले असते तर तुमचे बरे झाले असते.

वाघोबाची शिळा! लाज वाटली नाही हे लिहिताना? दोन वर्षांमागे पाऊस पडला नाही, तळे आटून मधोमध डबके राहिले. तेव्हा फागू भगत म्हणाला होता, "देव तानेला ऱ्हावा नाय. पानी खाली गेला, तं देव खाली नेवा. पानी वर आला, का ज्यांनी नेला त्यांनीच वर आनावा." मग शिळा बांबूंना बांधली आणि चौघांनी खांद्यावर घेऊन उतारावरून खाली नेली. पुढे फागू आणि डोंगेवाला पांड्या, मागे ढवळू आणि तुम्ही. मागचा उजवा खांदा तुमचा होता. तुम्ही रजेवर आला होता. शहरातले नवे कुडते अंगात होते, ते शेंदराने भरले म्हणून तुम्ही माझ्यावर चिडलात आणि ते मी रिठ्याने धुतले. डाग गेला नाही.

मागल्या वर्षी पाऊस बेताचा, पाणी जुन्या जागेपर्यंत चढलेच नाही, म्हणून देव खालीच राहिला. तो तिथे पाव्हणा आहे. ढवळू खोटे बोलला नाही. त्याला विचारले पाणी कुठवर येते, त्याने सांगितले देवाच्या पायाशी. आमच्यात असेच बोलतात, तुम्हांलाही माहीत आहे. देव आधी कुठे होता, हे कारकुनाने विचारले नाही. कारकून परका, त्याला काय ठाऊक? ठाऊक होते ते तुम्हांला. तुम्ही गप्प बसलात आणि वर साठ हातांचा हिशेब मला शिकवता!

देवाची जुनी जागा उताराच्या माथ्यावर. तिथे आज तुमचे जोते आहे.

आता मृग लागला आहे, आभाळ रोज भरून येते आहे. फागू काल अंगणात येऊन बसला. म्हणतो, "हिराबाय, पानी यील. सखाला बोलव. चौथा खांदा त्याचा हाय. दुसऱ्याचा चालं नाय." चारांनी उतरवलेला देव तीन जण चढवू शकत नाहीत आणि चौथा बदलताही येत नाही. तेव्हा चार दिवस रजा काढा, जोत्याचे दगड बाजूला करा आणि देव त्याच्या जागी ठेवा. मग हवी तर बंगली माळावर बांधा, मी स्वतः शेणाने सारवून देईन.

पाणी चढले आणि देव खालीच राहिला तर काय होईल, ते तुम्ही याच पाड्यात जन्मला आहात, मी सांगायला नको.

हिराबाई

---

नाशिक, ता. १ जुलै १९१३

ती. वहिनींस,

शिळा उतरवली त्या दिवशी मी हजर होतो की नाही, मला नीट आठवत नाही. गर्दी होती.

आठवत असते तरी फरक पडत नाही. खूण एकदा नोंदली की ती खूण. उद्या कोणीही म्हणेल, माझा देव अलीकडे होता, माझा पलीकडे होता, आणि दर पावसाळ्यात हद्दी उचलून खांद्यावर हिंडवतील. नोंदलेली खूण हलवणाऱ्याला शिक्षा आहे. फागूला आणि पांड्याला हे स्पष्ट सांगा. मी चौथा खांदा देऊन गुन्ह्यात सामील व्हावे आणि लागलेली चाकरी घालवावी, असे तुमचे म्हणणे आहे काय?

देवाची मला काळजी नाही असे समजू नका. कुंपणाबाहेर मी नवी घुमटी बांधून देतो, वर पत्रा घालतो. नवी शिळा घडवून घ्या. जुन्या शिळेवरचा वाघ आता वाघासारखा दिसतही नाही.

रजा मिळणार नाही. बंगलीचे छप्पर चढले, असे गवंड्याने कळवले आहे.

सखा

---

वाघतळे
श्रावण वद्य तृतीया

सखाराव,

आज भाऊजी म्हणवत नाही.

तळे भरले. सांडव्यावरून पाणी चालले आहे. वाघोबा बुडाला. नागपंचमीला शेंदराचे टोक दिसत होते, आता तेही दिसत नाही. तुमच्या तिसऱ्या पायरीला पाणी लागले आहे, गवंडी बघून खूश झाला.

आणि उतारावरून एक डोंगा हलत नाही. देवाच्या डोक्यावरून वल्हे मारायचे कोणी? उताराच्या ऐन तोंडाशी तो खाली बसला आहे, बाजूने जायला तुमचे कुंपण आडवे येते. पलीकडची माणसे पलीकडे, आम्ही अलीकडे. मीठ संपले तर ती नाल्याच्या वाटेने, दोर धरून, कमरेएवढ्या पाण्यातून येतात. तुमच्या फाटकाला गवंडी कुलूप लावतो, चुना चोरीला जाईल म्हणून. आमच्या पाड्यात चुना चोरून कोण खाणार आहे?

परवा सकाळी पलीकडून हाळी आली. रंगू हाका मारत होती, गौरा अडली आहे, आईला पाठवा. रंगू म्हणजे गौराची नणंद. तळे ओलांडायला पान खाऊन होईपर्यंतचा वेळ लागतो. पांड्याने डोंगा काढला. वल्हे धरून उभा राहिला, तोंड काळे ठिक्कर. मी एक पाय डोंग्यात टाकला.

टाकला आणि काढून घेतला.

मी लिहिता वाचता येणारी बाई. तुमच्यासारखीच शहाणी. पोर पलीकडे ओरडते आहे, आणि माझा पाय खाली देव आहे म्हणून उचलेना. मी नाल्याच्या वाटेने गेले. दोनदा पाण्याने पाडले. पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. मुलगी झाली होती, जिवंत आहे. गौराच्या अंगातले रक्त इतके गेले होते की ती मला ओळखीना. सासूने आणि रंगूने तिला धरून ठेवले. आईने नाही. आज ती पेज पिते आहे.

मला तुमचा राग आहे, माझा स्वतःचाही आहे. पण माझा मी गिळीन. तुमचा गिळायचा नाही, असे ठरवले आहे. आता मी जव्हारला कचेरीत जाते.

हिराबाई

---

नाशिक, ता. २८ ऑगस्ट १९१३

ती. वहिनींस,

गौरा सुखरूप आहे, हे वाचून जिवात जीव आला. देवाची कृपा.

पण दोष माझ्या माथी मारू नका. डोंग्यात बसू नका असे कोणत्या नियमात लिहिले आहे? मी लिहिले? कचेरीने लिहिले? पांड्या डोंगा घेऊन उभा होता. पाय तुमचा होता, काढून घेतला तुम्ही. अंधश्रद्धा तुमची आणि शिव्या मला!

कचेरीत जाणार म्हणता. खुशाल जा. पण जाण्याआधी एक गोष्ट मोजून पाहा, कारण ती तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. तुम्ही तिथे म्हणणार, खूण शिळेची नव्हे, भरल्या पाण्याची धरा. धरली. मग तिथून चाळीस हात मोजा. दादाने बांधलेले घर कुठे पडते? खुणेपासून पंचवीस हातांवर. शिळा आज खाली आहे म्हणूनच तुमचे घर नियमाबाहेर सुटले आहे. माझी बंगली पाडायला निघाल तर आधी तुमचा उंबरा जाईल. बाकी चार घरे वर आहेत, त्यांना काही होणार नाही. होईल ते तुम्हांला एकट्यांना.

दादाने ते घर कसे उभे केले, ते मी पाहिले आहे. रागाच्या भरात आपल्याच पायावर धोंडा पाडून घेऊ नका. मी परका नाही. गप्प बसा, दिवाळीनंतर कुंपणाचे पाहू.

सखा

---

वाघतळे
आश्विन शुद्ध द्वादशी

सखाभाऊजी यांस,

तुमचे पत्र आले तेव्हा ते वाचायला मी जुन्या घरात नव्हते. तेव्हा आधी हे लिहून ठेवते: पुढे याल तेव्हा घर जुन्या जागी शोधू नका. माळावर चढून या, मोहाच्या झाडापाशी.

तुम्हांला वाटले मी मोजले नसेल. भाऊजी, दवंडी पिटली त्याच दिवशी मी काथ्याचा दोर घेऊन मोजले होते. वैशाखात तुम्हांला पहिले पत्र लिहिले तेव्हाही मला ठाऊक होते की माझा नियम आधी माझ्याच दारात येणार. तरी लिहिले. तुम्ही नियम वाचता तो आपण कुठे सुटतो हे पाहायला. असे वाचायचे तर दवंडी कशाला पिटायची?

कचेरीत जाण्याआधी घर उतरवले. पाड्यातली यच्चयावत माणसे आली. कारवीचे कूड सुटे केले, खांब उपटले, कौले हातोहात वर गेली. तुमच्या दादाने मधल्या खांबावर विळ्याने मोर कोरला होता. पांड्या म्हणाला हा खांब राहू दे इथेच, खूण म्हणून. मी म्हटले, खुणांनी पुरे छळले आहे, चल उचल. खांब काढला तेव्हा खाली जो खड्डा दिसला, त्याच्याकडे पाहून मात्र मला रडू आले. रडले. कायदा रडून वाचायचा नसतो म्हणालात, मी वाचून झाल्यावर रडले.

मग जव्हारला गेले. मामलेदारांनी सगळे ऐकून घेतले आणि तुमचाच प्रश्न विचारला, "बाई, भरल्या पाण्याची खूण धरली तर तुमचं घर जातं, कळतंय का?" मी म्हटले, "गेलं. ते पाडूनच आले." त्यांनी शेऱ्याचा कागद मागवून वाचला. मग म्हणाले, जागा पाहतो.

आले ते स्वतः आले. पाऊस थांबला होता, तळे काठोकाठ होते. पाणी तुमच्या पायरीवर चढून बसले होते, त्याला वेगळे विचारायची गरजच पडली नाही. त्यांनी ढवळूला विचारले, देव कुठे आहे? ढवळूने पाण्याकडे बोट केले. आधी कुठे होता? ढवळूने तुमच्या बंगलीकडे बोट केले. पुढचे तुम्हांला कळायचे ते हपिसाच्या कागदाने कळेलच. खूण भरल्या पाण्याची धरली. बंगली आणि कुंपण दिवाळीच्या तोंडावरच्या वाघबारशीच्या आत काढायचे आहे. देव जुन्या जागी न्यायला हरकत नाही, गुन्हाही नाही. गवंड्याने काम उतरवायला घेतले आहे, निघालेले वासे मी माळावर नीट रचून ठेवले आहेत, वर पाने घातली आहेत. भिजायचे नाहीत.

जिंकले म्हणून लिहीत नाही. कुंपण निघाले तरी डोंगा अजून हललेला नाही, देव बुडालेल्या पाण्यात वल्हे घालायला कोणी धजत नाही. देव पाण्यातच आहे. तिघे तयार आहेत आणि तिघांनी होत नाही. मी फागूला म्हटले, मी लावते खांदा, मी कान्हाची बायको, त्याच घरातली. तो म्हणाला, "घरानं नाय होत, हिराबाय. ज्याचा खांदा त्याचाच." मी त्याच्यावरही ओरडले. काही उपयोग झाला नाही.

गौराची पोर दोन महिन्यांची होईल. नाला अजून उतरलेला नाही, मी तिला एकदाच पाहिली आहे. गौरा संध्याकाळी पलीकडच्या खडकावर तिला घेऊन उभी राहते आणि मी इकडे. हात हलवतो आणि परत जातो.

तेव्हा या. माफी मागायला नको, मी देणारही नाही. तुम्हांला जी पत्रे लिहिली त्यांतला एक शब्द मागे घेत नाही. खांदा तेवढा घेऊन या. पाणी छातीपर्यंत आहे, शिळा गाळात रुतली आहे, जुने कपडे आणा. जेवण माझ्याकडे. नागलीची भाकर आहे, पाव्हण्यांसाठी केलेली नव्हे.

खुशाली विचारायची राहिली होती. कसे आहात?

हिराबाई

---

नाशिक, ता. १९ ऑक्टोबर १९१३

ती. वहिनींस,

हपिसाचा कागद मिळाला. निकाल मला मान्य नाही. नोंदलेली खूण अशी बदलू लागली तर कोणाच्याच हद्दीला अर्थ राहणार नाही, हे माझे म्हणणे कायम आहे आणि ते मी वरिष्ठांना लेखी कळवणार आहे. त्यांचे दिवाळीचे येणे रद्द झाले. त्यावरून मला जे ऐकावे लागले, ते तुम्हांला लिहीत नाही.

तुम्ही घर पाडायला नको होते. निदान मोराच्या खांबाला हात लावण्याआधी मला कळवायचे होते. तो मोर कोरताना दिवा मी धरला होता.

रजा मागितली, हपिसाने नाकारली. तरी वाघबारशीच्या आदल्या दिवशी पोचतो.

तुमच्या ज्येष्ठातल्या पत्रात एक चूक आहे, ती दुरुस्त करून ठेवा. मागचा उजवा खांदा ढवळूचा होता. माझा डावा. उतारावर माझा पाय घसरला तेव्हा शिळेची कड मानेला लागली होती, त्याचा वण अजून डावीकडेच आहे. फागूला सांगा, बांबू बांधताना डावी बाजू थोडी लांब ठेव. गेल्या खेपेला आखूड होती.

सखा